नणंद-भावजयीमधला माईक

मी एक मायक्रोफोन आहे आणि आयुष्यात पहिल्यांदाच बोलतोय. आजवर माणसं बोलली, मी ऐकलं. ऐकून ऐकून माणसांविषयी माझं जे मत झालं आहे ते तुम्हाला आवडणार नाही. तरी वाचा. तुम्ही मला काय काय ऐकवलंत, ते मी मुकाट्याने ऐकलंच की.

माझी बनावट जुनी आहे. पोटात अ‍ॅल्युमिनियमची एक नाजूक पट्टी, औषधाच्या गोळीच्या पाकिटावरच्या चांदीपेक्षाही पातळ. आवाज आला की ती थरथरते, एवढंच माझं कर्तृत्व. ऐकायला मला वीज लागत नाही. ऐकलेलं पुढे पोचवायला लागते. आणि मला दोन तोंडं आहेत. समोरून बोललेलं जेवढं ऐकू येतं तेवढंच पाठीमागून बोललेलं. डाव्या-उजव्या अंगाने मात्र मी ठार बहिरा. माणसं दोन तोंडांच्या माणसाला नावं ठेवतात. माझ्याकडे मात्र दोन्ही तोंडं खरी आहेत, हा फरक.

माझी पहिली नोकरी पुण्यातल्या एका ध्वनिमुद्रणाच्या खोलीत होती. दोन गायक समोरासमोर उभे राहायचे, मध्ये मी. गाताना एकमेकांकडे प्रेमाने बघायचे आणि गाणं संपलं की दोघेही मालकाच्या कानाशी जाऊन दुसऱ्याचा सूर कसा उतरला ते सांगायचे. पुढे नवे मायक्रोफोन आले, खोली बंद पडली आणि मी जुन्या बाजारात एका इस्त्रीशेजारी पडलो. इस्त्रीला गिऱ्हाईक लवकर मिळालं.

मला उचललं ते देवळाली प्रवऱ्याच्या एका शिक्षणसंस्थेच्या प्राचार्यांनी. वीसेक वर्षं झाली. संस्थेला स्वतःचं रेडिओ केंद्र काढायची परवानगी मिळाली होती. नाव ठेवलं ‘रेडिओ मुळाथडी’. एस.टी. थांब्यासमोरच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, भिंतींना गोणपाट आणि अंड्यांचे ट्रे चिकटवून स्टुडिओ तयार झाला. केंद्राचा आवाज आसपासच्या गावांपर्यंत आणि वस्त्यांपर्यंत जायचा. उसाचा हंगाम आला की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर गाणी लावून खालून जायचे. त्यांचा आवाज आमच्यापेक्षा लांब जायचा आणि त्यांना परवानगीही लागत नव्हती.

उद्घाटनाला मोठे पाहुणे आले. त्यांनी मला बोटाने दोनदा ठोकलं, तोंडाजवळ ओढलं आणि छाती भरून फुंकर मारली. ‘फूऽऽ! हॅलो, हॅलो.’ माझी पट्टी जागीच सैल पडली. मग ते शब्दाच्या सामर्थ्यावर अर्धा तास बोलले. केंद्राचा ऑपरेटर वाल्मिक याने मला दुरुस्त करून आणलं, पण तेव्हापासून माझा घसा जरा बसलेलाच आहे. मायक्रोफोन दिसला की माणसाला फुंकर मारावीशी का वाटते, हे मला आजतागायत कळलेलं नाही. नवा डॉक्टर भेटला म्हणून कुणी त्याच्या डोळ्यात फुंकर मारत नाही.

दुरुस्तीनंतर माझ्यासमोर दोन बायका बसल्या, आणि माझं खरं आयुष्य सुरू झालं. त्याला आयुष्य म्हणायचं की शिक्षा, ते शेवटी तुम्हीच ठरवा.

एक दमयंतीबाई. संस्थेच्या शाळेत मराठी शिकवायच्या. माहेर नगरचं, घरात तीन पिढ्या कारकुनी आणि मास्तरकी. बोलणं इस्त्री केलेलं. दुसरी मनकर्णा. पाटापलीकडच्या वस्तीवरची, दहा एकर उसाच्या घरातली. केंद्रावर शेतकरी महिला म्हणून मुलाखतीला आली ती परत गेलीच नाही. प्राचार्यांना कार्यक्रम सुचला होता: ‘ओसरी’. रोज संध्याकाळी नणंद-भावजयीच्या गप्पा. पाटाला पाणी कधी सुटणार, उसावर कसला रोग पडलाय, बाळाला डोस कधी द्यायचा, हे सगळं गप्पांतून सांगायचं. दमयंती झाली नगरला दिलेली आणि सदा माहेरपणाला आलेली गोदाक्का. मनकर्णा झाली तिची भावजय. केंद्राकडे धड मायक्रोफोन एकच. मला टेबलाच्या मधोमध उभं केलं आणि दोघींना दोन बाजूंना बसवलं. माझ्या जातीच्या माईकपुढे बसायची रीतच तशी आहे. दोघींनी समोरासमोर बसायचं, एकमेकींच्या डोळ्यांत बघायचं, आणि माझ्यापासून सारखंच अंतर ठेवायचं. एकीने खुर्ची मागे घेतली की दुसरीला घ्यावी लागते, नाहीतर एकीचा आवाज गावात आणि दुसरीचा विहिरीत.

भांडण पहिल्या पंधरवड्यात झालं. मनकर्णा घरून थर्मासमध्ये चहा आणायची, सगळ्यांना द्यायची. गुळाचा चहा, वर आलं. दमयंतीबाईंना तो घशाखाली उतरत नसे, पण तसं तोंडावर सांगायची रीत त्यांच्या घरात नव्हती. एके दिवशी कार्यक्रमात मनकर्णा कागद बाजूला सारून म्हणाली,

“या वन्सं. लई दिसांनी आलात. आन हात हालवतच आलात व्हय? भाच्यांना एक बिस्किटाचा पुडा तरी?”

दमयंतीबाईंनी लिहिलेल्या कागदात हे नव्हतं. केंद्रात कधी कुणासाठी काही आणत नाहीत, अशी त्यांची ख्याती मात्र होती. काचेपलीकडे वाल्मिक हसला. दमयंतीबाईंना ते दिसलं.

“आणलं असतं गं वहिनी,” त्या गोड आवाजात म्हणाल्या. “पण मागच्या खेपेला तू दिलेला चहा पिऊन घरी गेले ती आठ दिवस कुठे बाहेरच पडले नाही. चहाच होता ना तो? की पाटाचं पाणी गरम केलं होतंस?”

सगळ्या वस्त्या हसल्या म्हणे. दुसऱ्या दिवशीपासून थर्मास आला नाही. आणि त्या दिवसापासून त्या दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत.

म्हणजे माझ्याशिवाय बोलल्या नाहीत. प्रक्षेपणाचा लाल दिवा लागला की ‘अगं वहिनी’ आणि ‘या वन्सं’. दिवा विझला की एक खिडकीकडे बघणार, दुसरी पिशवी आवरणार. काही सांगायचंच असेल तर वाल्मिकमार्फत. “वाल्मिक, त्यांना सांग, खुर्ची पुढे घेतात, माझा आवाज दबतो.” “वाल्मिकभाऊ, बाईंना सांगा, माझी खुर्ची हाय तिथंच हाय, तुमचा आवाजच बारका हाय.” दोघींमध्ये वीतभर अंतर, आणि निरोप्या काचेच्या पलीकडे.

वीस वर्षं हे चाललं. माणसं याला कार्यक्रम म्हणायची. मी याला दोन्ही बाजूंनी मार खाणं म्हणतो. कारण त्यांना एकमेकींना जे जे बोलायचं होतं ते नणंद-भावजयीच्या तोंडून माझ्या अंगावर यायचं. दमयंतीबाईंना शाळेत मुख्याध्यापकपद मिळालं नाही, त्या संध्याकाळी भावजय म्हणाली, “वन्सं, आज तोंड का उतरलंय? मोठ्या वाड्यात मोठा पाट मिळंना व्हय?” मनकर्णाच्या सुनेने चूल वेगळी केली, तेव्हा गोदाक्का म्हणाली, “वहिनी, आमच्या नगरला म्हणतात, भाकरी चांगली असली की सुना लांब जात नाहीत.” आणि लगेच, त्याच श्वासात, उसाची मुळं खाणाऱ्या हुमणीसाठी शेणखतात काय मिसळायचं ते. वस्त्यांवर बायका गोठ्यात रेडिओ टांगून ऐकायच्या. त्यांना वाटायचं, काय माया आहे बघा दोघींची! टोमणे मारल्याशिवाय माया कळतच नाही या लोकांना.

आणि श्रोत्यांनी दोघींना खरंच नणंद-भावजय मानलं. दिवाळीला गोदाक्काच्या नावाने ओवाळणी यायची, भावजयीच्या नावाने बांगड्या. श्रीरामपूरहून एका माउलीने पत्र पाठवलं की गोदाक्काच्या भावाला म्हणावं, बहिणीला एकदा तरी शिंगणापूरला नेऊन आण, साडेसाती जाईल. दमयंतीबाईंना भाऊच नव्हता. पत्र मात्र त्यांनी पर्समध्ये ठेवलं.

दोन गोष्टी मला माहीत आहेत ज्या बाहेर कुणाला माहीत नाहीत. दमयंतीबाई निवृत्त झाल्या, यजमान गेले, राहुरीच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहू लागल्या. त्यानंतर रोज संध्याकाळी त्यांचा पहिला शब्द माझ्यापाशी खरखरत यायचा. दिवसभर न वापरलेला नळ सोडल्यावर आधी हवा येते, तसा. त्यांचा दिवसातला पहिला शब्द ‘अगं वहिनी’ हाच असायचा, हे फक्त मला कळत होतं. मनकर्णाचं उलट. घर माणसांनी भरलेलं, पण ती माझ्यासमोर बसली की वाक्य संपल्यावर क्षणभर थांबायची. समोरून उत्तर आलं की मगच पुढे जायची. घरी तिच्या वाक्याला उत्तर येत नव्हतं. एकदा दिवा लागायच्या आधी ती वाल्मिकला म्हणाली होती, “घरात माझं बोलनं म्हंजे पंख्याचा आवाज. चालू आसला तरी कोन ऐकतं?”

त्यांची कीव करू नका. दोघी भलत्याच कजाग होत्या.

मग प्राचार्य गेले, मोबाईल आले, आणि केंद्रावर गंधार आला. पुण्याहून शिकून आलेला कार्यक्रम प्रमुख. दाढी कोरलेली, बोलणं मऊ. साहेब लोक आजवर माझ्या बाजूला बसायचे, त्यामुळे त्यांचं बोलणं मला कधी ऐकावं लागलं नाही. हा पठ्ठ्या समोर उभा राहिला.

“मॅडम, मावशी, दोघींचं काम ग्रेटच आहे. पण आता श्रोते दोन मिनिटांच्या वर ऐकत नाहीत. वीस वर्षं पूर्ण होतायत, तर ‘ओसरी’ नव्या रूपात आणू. एक आवाज, थेट श्रोत्यांशी. दुसरीची गरज राहणार नाही.”

“एक म्हंजे कोन?” मनकर्णाने विचारलं.

“ते मी कोण ठरवणार? श्रोते ठरवतील. शुक्रवारी शेवटचा एकत्र कार्यक्रम, थेट. त्यानंतर आठवडाभर मतदान. गोदाक्कासाठी एक दाबा, भावजयीसाठी दोन. जिला जास्त मतं, ओसरी तिची.”

लोकशाही फार गोड गोष्ट आहे. गंधारने तिच्यात जरा साखर जास्तच घातली होती.

शुक्रवारी दोघी आल्या त्या नव्या साड्या नेसून. रेडिओवर साडी कुणाला दिसणार होती देव जाणे. लाल दिवा लागला.

“अगं वहिनी,” दमयंतीबाई म्हणाल्या. घसा नेहमीसारखा खरखरला. “ऐकलंस का? आता या घरात एकीनेच राहायचं म्हणे.”

“ऐकलं वन्सं. मंग तुमी जावा की सासरी. वीस वर्सं माहेरपन झालं. येवढं तर सीतामाईनंबी केलं न्हाई.”

“मी गेले तर तुला बोलायला शिकवणार कोण? मी लिहून देत होते म्हणून तुझी वाक्यं पूर्ण तरी व्हायची.”

“लिवून! तुमचा कागुद मी कवा वाचला? त्यो मी रोज घरी न्हेऊन चुलीला लावला. चुलीनं मातुर लई कौतुक केलं, धुडूधुडू पेटली.”

काचेपलीकडे वाल्मिक हसला नाही. त्याला कळलं होतं की आज नणंद-भावजय खोलीत नव्हत्या.

“चुलीतच घालणार तू,” दमयंतीबाईंचा आवाज चढला. माझी पट्टी ताणली गेली. “मी चार-चार पुस्तकं वाचून लिहायचे आणि तू येऊन दोन शिव्या हासडल्यास की टाळ्या तुला! वीस वर्षं मी तुझ्या टाळ्यांसाठी राबले.”

“आन मी? सात मैलावरनं येत हुते. पावसात, उन्हात, धाकल्याचं लगीन हुतं त्या दिवशीबी आले. कशापायी? तुमचं वाकडं त्वांड बघायला?”

“मग नको येऊस!”

“न्हाईच येनार! तुमीच बसा हितं. बसा आन एकट्याच बोला. बघू कोन ‘व्हय’ म्हनतंय तुमाला.”

यावर दमयंतीबाई काही बोलल्या नाहीत. रेडिओवर गप्प राहणं म्हणजे गुन्हा. मग मनकर्णाच पुटपुटली, “आन उद्या पाटाला पानी सुटनार हाय. खालच्या आळीनं आदी उसाचं भरनं काढायचं.” आणि गंधारने घाईघाईने गाणं लावलं.

आठवडा गेला. संगणकावर एकही मत नव्हतं. एक दाबणारा नाही, दोन दाबणारा नाही. गंधारने पुन्हा पुन्हा यंत्रणा तपासली. यंत्रणा ठीक होती. त्याने फार दुःखाने, अगदी मनापासून, निष्कर्ष काढला की ‘ओसरी’ला श्रोतेच उरलेले नाहीत. कार्यक्रम बंद. त्या वेळेला गाणी आणि खताच्या जाहिराती. दोघींनाही निरोप गेला, आणि सत्काराचं निमंत्रण.

दुसऱ्याच दिवशी खाली टेम्पो थांबला. वस्त्यांवरच्या बायका उतरल्या, पुढे राहीबाई. सत्तरीची, डोक्यावर पदर, हातात पिशवी. पिशवीत दोन खण, दोन नारळ. निमंत्रण मिळाल्याची सही करायला दमयंतीबाई आणि मनकर्णा दोघीही नेमक्या केंद्रात होत्या. बायका थेट स्टुडिओत शिरल्या.

“काय गं पोरींनो,” राहीबाई म्हणाली. साठीच्या पोरी उठून उभ्या राहिल्या. “लाज न्हाई वाटली? घरातलं भांडान सगळ्या तालुक्याला ऐकिवलं? वन्सं, तुमी मोठ्या, तुमी तरी दमानं घ्यायचं. आन तू गं, नणंदंला घराभाईर जा म्हनतीस? आमी आठ दिस जेवलो न्हाई धड.”

“आजी,” दमयंतीबाई म्हणाल्या, “आम्ही नणंद-भावजय नाही. आमचं काही नातंच नाही. मी हिला नीट ओळखतही नाही.”

राहीबाईने बाकीच्या बायकांकडे वळून बघितलं. “बघा. भांडान झालं की आसंच म्हनत्यात समद्या.”

गंधार मध्ये आला. “मावशी, एवढं प्रेम होतं तर मत का नाही दिलंत? एक किंवा दोन, नुसतं बटण दाबायचं होतं.”

“मत?” राहीबाई त्याच्यावर उखडली. “नणंद-भावजयीत मत द्यायचं? आरं, येकीला दिलं तर दुसरीनं तोंड कुठं दाखवायचं? आमी समद्या वस्त्यांनी ठरिवलं हुतं, कुनीबी बटनाला हात लावायचा न्हाई. माझ्या नातवानं लावला तर त्याच्या हातावर उलथनं मारलं. उद्या माज्या घरात येऊन इचारशील, सून ठेवू का ल्येक!”

गंधारने अतिशय नम्रपणे मान हलवली. “तुमच्या भावना कळल्या मावशी. पण आता वेळ दुसऱ्या कार्यक्रमाला दिलीय. वर कळवलंय. नोंद शून्याची आहे.”

बायकांनी दोघींच्या ओट्या भरल्या, त्याही एकमेकींसमोर उभं करून, आणि निघून गेल्या. त्यांना वाटलं, भांडण मिटलं. त्यांच्या मर्यादशीलपणानेच कार्यक्रम बुडाला, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. मी सांगणार होतो, पण माझी तार वाल्मिकने आधीच काढली होती.

सत्कार झाला. शाली दिल्या, फोटो काढले. पाहुण्यांनी नव्या माईकमध्ये फुंकर मारली. त्याला काही झालं नाही, त्याच्या पोटात काही नाजूक नाहीच. मला काचेच्या पेटीत घालून जिन्याजवळच्या फडताळावर ठेवलं आणि खाली ‘आमचा वारसा’ अशी पाटी लावली. माझं एक तोंड भिंतीकडे, दुसरं खिडकीकडे. खिडकीखाली एस.टी. थांबा आणि लोखंडी बाक.

त्या संध्याकाळी दोघी एकदमच खाली उतरल्या. मनकर्णाची गाडी यायची होती, दमयंतीबाईंना रिक्षा मिळत नव्हती. वीस वर्षं त्या थांब्यावर एक बाकावर बसायची आणि दुसरी किराणा दुकानाच्या पायरीवर. त्या दिवशी दुकान बंद होतं. बाकाच्या दोन टोकांना बसल्या. मधली जागा रिकामी.

“शाल हलकी दिली,” दमयंतीबाई रस्त्याला म्हणाल्या.

“तुमच्याकडं बघून दिली आसंल,” मनकर्णाही रस्त्यालाच म्हणाली.

आणि मग सुरू झालं. कुणामुळे कार्यक्रम गेला, कोण आधी ओरडलं, खुर्ची कोण पुढे घेत होतं. एक एस.टी. आली आणि गेली. मनकर्णा चढली नाही. थांब्यावरची माणसं ऐकत उभी राहिली, त्यांचीही गाडी चुकली. इतका चांगला भाग आमच्या केंद्राने वीस वर्षांत दिला नव्हता आणि तो कुठेही प्रक्षेपित झाला नाही.

दुसऱ्या दिवशी मी ऐकलं तेव्हा त्याच वेळेला बाकावर पुन्हा तेच. वाल्मिक जिन्यात एकाला सांगत होता, “मनकर्णामावशी घरी सांगून येते, रेडिओवर चालले म्हणून.” राहुरीहून निघणाऱ्या बाई कुणाला सांगून निघत असतील? त्यांचा पहिला शब्द आजही खरखरत येतो. ‘वहिनी’ म्हणत नाहीत. ‘काय हो’ म्हणतात. मनकर्णा अजून वाक्य संपलं की थांबते.

परवा मनकर्णाने पिशवीतून थर्मास काढला आणि बाकावर मधोमध ठेवला. जिथे मी असायला हवा होतो, बरोबर तिथे. माझ्या जागी थर्मास! मी पेटीत फुटायचाच बाकी होतो.

“हे काय?” दमयंतीबाईंनी विचारलं.

“पाटाचं पानी. प्यायचं तर प्या, न्हाईतर ऱ्हाऊ द्या.”

झाकणात चहा ओतल्याचा आवाज आला. गुळाचा, वर आलं, मला वास येत नाही तरी सांगतो. मग दमयंतीबाईंनी त्यावर फुंकर मारली. वीस वर्षं माझ्यासमोर बसल्या, एकदाही मारली नव्हती, शिस्तीच्या बाई. आता अगदी सावकाश, लांब, दोनदा फुंकर मारली आणि घोट घेतला.

“अजून तसाच आहे,” त्या म्हणाल्या. “भयंकर.”

“मंग द्या हिकडं.”

“राहू दे. आता उष्टा केलाय.”

माझं आता एवढंच मागणं आहे. पेटी फोडू नका, तार जोडू नका, वारसा-बिरसा म्हणून फुलं वाहू नका. तुम्ही कधी देवळालीच्या थांब्यावर संध्याकाळी आलात आणि बाकाच्या दोन टोकांना दोन म्हाताऱ्या तणतणताना दिसल्या, तर मधल्या जागेवर बसू नका, पिशवी ठेवू नका, आणि कुणाचं बरोबर ते तर मुळीच सांगू नका. उभे राहा. गाडी चुकली तर चुकू द्या. पुढची येते.